क्लचची हवा काढताना

आमची गाडी कधी गॅरेजला गेली नाही. माझ्या नवऱ्याचं गोंदियाजवळ कुडव्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, त्यामुळे जे जे फिरतं, गळतं किंवा आवाज करतं ते घरीच उघडायचं हा आमचा कुळाचार. मिक्सर उघडला, पंखे उघडले, एकदा माझ्या शाळेची घंटासुद्धा आणून उघडली. बायको माहेरी जाऊन बसली तरी चालेल, पण गाडी दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये, असा एकूण मामला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्नाला वीस वर्षं झाली आणि त्यातले निम्मे रविवार मी अंगणात पाने देण्यात घालवले आहेत. गाडीखालून हात बाहेर यायचा, "बारा-तेरा" म्हणायचा, आणि मी त्या हातात बारा-तेराचा पाना ठेवायची. कोणत्या नटाला कोणता पाना लागतो हे मला नुसतं बघून कळतं. स्वतः एकही नट कधी फिरवला नव्हता.

मग आषाढात, इकडे धानाच्या रोवणीची घाई चालू असताना, एका सकाळी ते नळावर दात घासता घासता खाली बसले आणि उठले नाहीत. डावी बाजू गेली. आमच्या गाडीचा क्लच तेव्हा बिघडलेला होता, म्हणून शेजाऱ्यांनी आपल्या गाडीतून नेलं, आधी गोंदियाला आणि तिथून नागपूरला. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, याआधी कधी हातापायात कमजोरी जाणवली होती का, मधेच यायची आणि जायची अशी? मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं नाही, वर्गात उत्तर देतात तसं ठामपणे म्हटलं, "काहीच नाही, एकदम ठणठणीत होते."

ते घरी आले तेव्हा भेटायला खूप बाया आल्या. त्या आधी त्यांच्याकडे बघायच्या आणि मग माझ्या तोंडाकडे. मी रडत नव्हते. चहा करत होते. बाई लय धीराची आहे, असं बाहेर पडताना एकमेकींना सांगायच्या, ते मला आत ऐकू यायचं. धीरबीर काही नव्हता. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा होतो, आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. गोळ्या द्यायची, अंग पुसायची, शाळेत जायची, भागाकार शिकवायची, घरी यायची. मुलगी नागपूरच्या होस्टेलवरून रोज फोन करायची आणि विचारायची, आई, तू कशी आहेस? मी सांगायची, जेवले.

त्यांचं मात्र तसं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती. व्यायाम शिकवायला जो माणूस यायचा त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, काका, बरं होऊन काय करायचंय? हे म्हणाले, "क्लच दाबाचा आहे." तो हसला. हे हसले नाहीत. तेव्हापासून खुर्चीत बसून डावा पाय भिंतीला लावायचा आणि ढकलायचा, सकाळ संध्याकाळ. भिंतीवर तेवढ्या जागी तळव्याचा काळा डाग पडला. काठी घेऊन अंगणात फिरता यायला लागलं तेव्हा त्यांनी मला अट घातली, म्हणजे खरं तर स्वतःलाच घातली. दिवाळी झाली की गाडीचा क्लच दुरुस्त करायचा, हात माझे आणि डोकं त्यांचं. क्लच झाला की ते स्वतः गाडी फाटकाबाहेर काढणार.

"अन् नाई जमला तं?" मी विचारलं.

"तं गाडी इकून टाक. मंग कायले ठेवतेस?"

मी बरं म्हटलं. त्या 'बरं'मध्ये होकार नव्हता आणि नकारही नव्हता. पण त्यांनी ते वचन म्हणून धरलं, आणि त्या दिवसापासून भिंतीला ढकलणं दुप्पट झालं.

क्लचचं दुखणं जुनं होतं. जेठ महिन्यात आम्ही तिघं सालेकशाकडच्या एका लग्नाला गेलो होतो, मुलगी सुटीत घरी आलेली होती. परत येताना आमगावच्या जवळ हे म्हणाले, "क्लच जड होऊन रायला." मी म्हटलं, लग्नात जिलेबी किती खाल्ली ते आठवा, क्लचला बोल लावू नका. मुलगी मागे बसून खो खो हसली. दुसऱ्या दिवशी क्लच ठीक होता. चार-आठ दिवस ठीक राहिला. मग सडक अर्जुनीला एका शेतकऱ्याची मोटार बघायला जायचं होतं, मला सुटी होती म्हणून मीही गेले, तेव्हा पुन्हा जड झाला. कोहमाऱ्याला ढाब्यावर चहाला उतरलो तर यांच्या डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली. यांना पत्ता नाही. चार पावलं गेल्यावर ढाब्यावरचा एक ड्रायव्हर ओरडला, तेव्हा मागे वळून बघितलं. मला इतकं हसू आलं की मी बाकड्यावर बसले.

घरी आल्यावर त्यांनी सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापली आणि चप्पलेला मागून बांधली. आमच्या घरी ट्यूब हा सगळ्यावरचा इलाज आहे. दुसरा तुकडा त्यांनी क्लचच्या पेडलवर चिकटवला, पाय घसरतो म्हणून. मग गाडीखाली शिरले आणि थोड्या वेळानं आतून आवाज आला, "सापडला!" गिअरबॉक्सच्या बाजूला क्लचचा जो खालचा पंप असतो, ज्याला सगळे नुसतं लोअर म्हणतात, त्याच्या रबरी टोपीतून ऑइल पाझरत होतं. बोट ओलं करून त्यांनी मला दाखवलं. सापडल्याचा त्यांना कोण आनंद झाला, आणि मलाही झाला. रोवणी झाली की बदलू म्हणाले. लोअर हळूहळू गळत राहिला, शेवटी पेडल पार खाली बसायला लागलं, आणि रोवणी होण्याआधी ती नळावरची सकाळ आली.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी स्कूटरवर गोंदियात गेले, लोअर आणायला. त्यांनी जुन्याचा तेव्हाच काढलेला फोटो आणि गाडीचं मॉडेल मोबाइलवर पाठवून ठेवलं होतं. स्पेअर पार्टच्या दुकानातल्या माणसानं फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"गाडी में तकलीफ क्या है, मॅडम?"

"पेडल बैठ जाता है," मी म्हटलं. "पहले भारी होता था."

"भारी?"

"कभी भारी, कभी ठीक."

त्यानं मान हलवली. "लोअर लीक हुआ तो पेडल हल्का पडता है, मॅडम. भारी नहीं होता. भारी तो प्लेट से होता है, और एक बार हुआ तो भारी ही रहता है. आज भारी, कल ठीक, ऐसा गाडी में नहीं होता."

एवढं बोलून तो आत गेला आणि लोअरचा खोका घेऊन आला. मी तो डिक्कीत ठेवला, ब्रेक ऑइलची बाटली ठेवली आणि निघाले. कुडव्याच्या नाक्यावर भाजीवाल्यांजवळ आले तेव्हा कुठे मी स्कूटर थांबवली. ऐसा गाडी में नहीं होता. मग कशात होतं? यायची आणि जायची अशी कमजोरी, असं नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं. क्लच जड नव्हता. पाय जड होत होता. चप्पल पायातून गेली ते कळलं नाही, पाय पेडलवरून घसरत होता, आणि आम्ही चप्पलेला पट्टी बांधली, पेडलला रबर लावलं. एक महिना होता आमच्या हातात. तेवढ्या वेळात कोणत्याही डॉक्टरनं एक गोळी तरी सुरू केली असती. आमच्या घरात गाडीचं दुखणं आधी ऐकू येतं आणि माणसाचं नंतर, आणि त्यातही मी जिलेबीवर विनोद केला होता.

हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या कळलं, एखादं गणित सुटावं तसं स्वच्छ. आणि काहीही वाटलं नाही. मी वाट बघितली काही वाटतं का म्हणून. मग सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी घेतली आणि घरी आले.

ते अंगणात खुर्ची टाकून तयार बसले होते. पाने जुन्या चादरीवर ओळीनं मांडलेले. मी गाडी जॅकवर उचलली, खाली दोन्हीकडे लाकडी ओंडके दिले, त्यांनी काठीनं ओंडके ठोकून बघितले आणि मगच मला आत जाऊ दिलं. आता हात माझा बाहेर येत होता आणि पाना ते ठेवत होते. पहिल्यांदा पाइपचा नट ढिला केला. तो हलेना. "झटका दे, ढकलू नको," वरून आवाज आला. झटका दिला तर माझं कोपर चेसिसवर आपटलं. नट सुटला. ऑइल मनगटावरून बाहीत गेलं. पाइपचं तोंड त्यांनी दिलेल्या रबरी बुचानं बंद केलं, दोन बोल्ट काढले आणि जुना लोअर हातात आला. टोपी मागे सारली तर आत काळा चिकट गाळ. मी तो बाहेर त्यांच्याकडे दिला.

"पाह्य, कसा सडून गेला," ते खूश होऊन म्हणाले. "हाच होता चोर."

मी गाडीखालीच होते, त्यामुळे माझं तोंड त्यांना दिसलं नाही.

नवा लोअर बसवायला फार वेळ लागला नाही. दांडी कुठे टेकवायची, बोल्ट आधी हातानं लावायचे, पाइप तिरपा जाऊ द्यायचा नाही, हे सगळं त्यांनी न बघता सांगितलं. वीस वर्षं ज्या माणसाचे मी फक्त पाय बघितले होते त्याला खालून काय दिसतं ते मी पहिल्यांदा बघत होते. मी त्यांना म्हटलंसुद्धा, "इथं तं लय मस्त आहे, कोनी बोलाले येत नाई." ते हसले. खूप दिवसांनी हसले.

मग राहिली हवा काढायची. नव्या लोअरमध्ये आणि पाइपात हवा असते, ती निघाली नाही तर पेडल पोकळ राहतं. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खालून छोटं निप्पल उघडायचं, हवा आणि ऑइल नळीतून बाटलीत पडलं की निप्पल बंद करायचं, आणि त्यानंतरच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर पेडल हवा परत आत ओढून घेतं. नळी त्यांनी दवाखान्यातून आणलेली होती, सलाईनची. स्वतः अंथरुणावर पडले असताना नर्सबाईला सांगून ठेवून घेतली होती, कामाला येईल म्हणून.

त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. आधी बूड, मग उजवा पाय, मग डावा पाय हातानं उचलून आत. पेडलवर तळवा मीच ठेवला. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. चार महिन्यांनी धरलं होतं. मी वरच्या डबीत ऑइल भरलं आणि खाली गेले.

"दाबा."

"दाबलो. धरलो."

मी निप्पल उघडलं. फेसाळ ऑइल थोडं पुढे आलं आणि मी बंद करायच्या आत मागे पळालं.

"सोडा. पुन्हा दाबा."

"धरलो."

पुन्हा तेच. ऑइल नळीत पुढे यायचं आणि उलट्या पावली मागे जायचं. सहा-सात वेळा झालं. पाना माझ्या हातात नीट होता, मी उशीर करत नव्हते. वरून दर वेळी ठणठणीत आवाज येत होता, "धरलो." आठव्या वेळी मी निप्पल घट्ट केलं, बाहेर आले आणि उघड्या दारातून आत बघितलं. ते समोर काचेतून फाटकाकडे बघत होते. गुडघा थरथरत होता. डावा पाय पेडलवर नव्हताच. तो पेडलच्या बाजूला घसरून खाली मॅटवर टेकलेला होता, आणि ते सगळा जीव लावून मॅट दाबत होते.

"धरलो," ते म्हणाले.

"माझा पाना घसरून रायला," मी म्हटलं. "उजव्या पायानं दाबा ना तुमी. लवकर होऊन जाईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली पायाकडे. उजवा पाय उचलून क्लचवर ठेवला. पुढच्या पाच दाबण्यांत हवा निघाली आणि नळीतून बुडबुड्याशिवाय ऑइल आलं.

मी गाडी खाली उतरवली, ओंडके ओढून काढले. काम झालं होतं आणि आता ते राहिलं होतं ज्यासाठी काम होतं. "फाटक उघड," ते म्हणाले. मी जाऊन फाटकाचे दोन्ही पल्ले उघडले आणि दगड लावले. त्यांनी चावी फिरवली. इंजिन चार महिने बसून होतं, पण दुसऱ्या खेपेला लागलं. त्यांनी हातानं डावा पाय पेडलवर ठेवला आणि वरून हातानंच गुडघा दाबला. पेडल अर्धं गेलं. गिअर टाकला तर कर्रकन आवाज झाला. पाय काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा कर्र. तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळावरची शीर दिसायला लागली आणि पेडल तेवढंसुद्धा गेलं नाही.

त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "क्लच जड होऊन रायला," ते म्हणाले. "लोअर डुप्लिकेट देल्ला त्यानं."

हो म्हणणं किती सोपं होतं. उद्या दुसरा आणते म्हटलं असतं तर आठ दिवस गेले असते. मग प्लेट म्हटलं असतं, मग वरचा पंप. गाडीत बदलायला पुष्कळ गोष्टी असतात. ते भिंतीला ढकलत राहिले असते आणि मी पाने धरत राहिले असते.

मी म्हटलं, "लोअर चांगला आहे. क्लच जड नाई. तेव्हाबी नव्हता."

त्यांनी गाडी बंद केली.

"मले ठाऊक आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"कोहमाऱ्यापासून. चप्पल पडली ना, तवापासून."

मी दाराला धरून उभी होते. "मंग बोलले काऊन नाई?"

"बोललो असतो तं तू चालवू देल्ली असती का?"

"नसती देल्ली!"

"तेच तं," ते म्हणाले. "तेवढे दिवस तं चालवलो."

आणि मला राग आला. इतका राग आला की कानात आवाज व्हायला लागला. मी सकाळपासून सगळं स्वतःच्या माथी घेतलं होतं, जिलेबी, हसणं, डॉक्टरांना दिलेलं ते ठाम उत्तर, आणि हा माणूस सगळं जाणून त्या पायानं गाडी चालवत होता. "मी बाजूला बसून होती तुमच्या!" मी ओरडले. त्यांच्यावर मी आयुष्यात कधी इतक्या जोरात ओरडले नव्हते. "कोहमाऱ्यावरून परत येताना ट्रकाच्या मधातून आनली तुमी गाडी, अन् मी बाजूला बसून होती!" हातातला पाना मी फरशीवर आपटला. शेजारच्या वहिनी भिंतीवरून डोकावल्या आणि काय झालं म्हणाल्या. मी म्हटलं, काही नाही, भांडून राहिलो. त्या आत गेल्या.

ते खाली मान घालून बसले होते. माफी मागितली नाही. त्यांनी मागितली असती तर मी आणखी ओरडले असते. थोड्या वेळानं त्यांनी काठी मागितली, डावा पाय हातानं उचलून बाहेर ठेवला आणि उतरले. बॉनेटला हात लावत लावत समोरून फिरून डाव्या बाजूला गेले. मी मदत केली नाही. दार त्यांनीच उघडलं आणि त्या सीटवर बसले, ज्या सीटवर वीस वर्षं मी बसत होते. तिथून समोर बघत राहिले.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. ती माझ्यासाठी मागे होती, पुढे ओढली. मला गाडी त्यांनीच शिकवली होती, पण ते घरात असताना मी चालवायचा प्रश्न कधी आला नव्हता. चावी फिरवली. क्लचवर पाय ठेवला आणि दाबला. तो गेला. काहीही जोर न लावता, अलगद, शेवटपर्यंत गेला. इतका हलका होता. मी तो तसाच दाबून धरून बसले आणि मला रडू फुटलं, पहिल्यांदा, आवाजासकट.

ते घाबरून माझ्या पायाकडे बघायला लागले. "काऊन? हवा रायली का?"

"नाई," मी म्हटलं. "बरोबर आहे."

आणि पहिला गिअर टाकला.